शेल्टरमधली म्हातारी कुत्री फॉस्टर करायला घ्यावी का? आई नको म्हणते आहे

तुमच्या आईंची शंका रास्त आहे, पण माझ्या यादीत ती तिसरी येते. पहिला प्रश्न, तुमच्या इमारतीला लिफ्ट आहे का? तुम्ही लिहिलंय की घर तिसऱ्या मजल्यावर, शेल्टरमधली ११ वर्षांची लॅब्रेडॉर कुत्री काही महिन्यांसाठी आणायची आहे, आणि आई म्हणतात, "लळा लागेल आणि दोन महिन्यांत जाईल, मग?" लिफ्टचा उल्लेखच नाही. लॅब्रेडॉर ३० किलोच्या आसपास भरते. तिचे मागचे पाय थकले की शी-शूसाठी दिवसातून चार वेळा तीन मजले कोण उचलणार, ते आधी ठरवा. लिफ्ट नसेल तर त्याच शेल्टरमध्ये एखादं म्हातारं पॉमेरेनियन किंवा पग, म्हणजे छोटं कुत्रं, आहे का ते बघा. असतंच बहुधा.

मी आतापर्यंत चार म्हातारी कुत्री सांभाळली. पहिली लॅबच होती. मालकांनी घर बदललं आणि हिला शेल्टरच्या फाटकाला बांधून निघून गेले. (पाळलेला प्राणी असा सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड जास्तीत जास्त ५० रुपये. एवढ्यात आता पोटभर मिसळही येत नाही.)

ती आमच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्यावरच थांबली. अर्धा तास हलेना. मला वाटलं घाबरली, जुनं घर आठवत असेल. तसलं काही नव्हतं. आमच्या गुळगुळीत फरशीवर तिचे मागचे पाय फाकत होते. सांधे झिजलेल्या कुत्र्याला व्हिट्रिफाइड टाइल म्हणजे शेवाळलेला घाट. आईने माळ्यावरच्या जुन्या सतरंज्या काढल्या, मी पंजांच्या बोटांमधले वाढलेले केस कापले, आणि बाईसाहेब थेट स्वयंपाकघरात. आजही आमच्याकडे तिच्या कोपऱ्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत सतरंज्यांची पायवाट आहे. पाहुणे अडखळतात.

दुसरा प्रश्न शेल्टरला विचारायचा: खर्च कोणाचा आणि निर्णय कोणाचा? तोंडी नको, लिहून घ्या. औषधं, रक्ताच्या तपासण्या, कोणते डॉक्टर, रात्री फोन कोणाला करायचा, ऑपरेशनला होकार कोण देणार, आणि वेळ आलीच तर शेवटच्या इंजेक्शनचं कोण ठरवणार. हे विचारायला मी लाजले होते. माझी दुसरी कुत्री नऊ वर्षांची होती. एप्रिलमध्ये ती भांडंच्या भांडं पाणी पिऊ लागली, मी म्हटलं उन्हाळा आहे. चौथ्या दिवशी उठेना. गर्भाशयात पू झाला होता. नसबंदी न झालेल्या कुत्रीला माजानंतर महिना-दोन महिन्यांत हे होऊ शकतं, आणि वाट बघत बसलं तर जीव जातो. रात्री एकला शेल्टरचा फोन कोणी उचलला नाही. सही मी केली, पैसेही मीच भरले. वाचली ती. पण तुम्ही तुमच्या कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय का ते आधीच विचारा, आणि अचानक पाणी जास्त पिणं कधीही उन्हावर ढकलू नका. मूत्रपिंड किंवा मधुमेहही निघू शकतो.

डोळे निळसर दिसले म्हणून मोतीबिंदू समजून घाबरू नका. वयाने भिंग घट्ट होतं तेव्हाही तसंच दिसतं आणि कुत्र्याला बरंच दिसत असतं. डॉक्टर बघून सांगतील. दात मात्र आवर्जून तपासा. माझा तिसरा "नखरे करतो, जेवत नाही" म्हणून ओळखला जायचा. किडलेल्या पाच दाढा काढल्यावर दोन वेळा ताटली चाटून पुसायला लागला.

आपली पेनकिलर देऊ नका, अगदी अर्धीसुद्धा नाही. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं जातात. कांदा-लसणाची आमटी नको, शिऱ्यातले बेदाणेही नकोत. हे आईंना नीट सांगा, कारण गुपचूप भरवणाऱ्या त्याच असतील.

काही म्हातारी कुत्री रात्री उगाच फेऱ्या मारतात, भिंतीकडे बघून भुंकतात. माणसांच्या विस्मरणासारखंच असतं ते. एक मिणमिणता दिवा चालू ठेवला आणि जेवणाच्या, फिरण्याच्या वेळा पक्क्या ठेवल्या की थोडा फरक पडतो. थोडाच. खालच्या मजल्यावरच्यांना आधी कल्पना देऊन ठेवा.

आता तुमच्या आईंचं. हो, लवकर जाऊ शकते. आमची पहिली १४ महिने राहिली, चौथा पाच आठवडे. चौथ्याच्या वेळी मी तोच सूर लावला होता, की आता पुन्हा नको. आई भांडी लावत होती. म्हणाली, "तुझे आजोबा शेवटी आपल्याकडे राहायला आले तेव्हा कोणी विचारलं होतं का, किती दिवस म्हणून?" आणि पुढे, "त्यांच्यापेक्षा हा कमी कटकट करतो."

शेल्टरला जाल तेव्हा आईंना बरोबर न्या. घरी आणायचं काही बोलू नका, नुसतं तासभर त्या कुत्रीपाशी बसू द्या. तोवर तुम्ही आतून तिची फाईल मागून घ्या.