पोटाचं बायपास चवथीआधी करावं की नंतर? सहा वर्षांपूर्वी करून घेतलेल्याचं उत्तर

ताई, तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. वय ३८, उंची पाच फूट दोन इंच, वजन १०४, शुगर सहा वर्षांपासून, डिचोलीत शाळेत शिकवता. सर्जननी वजन उतरवायला पोटाचं (गॅस्ट्रिक) बायपास सुचवलंय आणि ऑगस्टचा पहिला आठवडा दिलाय. चवथ (गणेश चतुर्थी) त्यानंतर महिन्याभराने. सासूबाई म्हणतात, "धडधाकट पोट कापून कशाला घ्यायचं?" आणि अगदी शेवटी, जरा लाजतच, तुम्ही विचारलंय की पुन्हा कधी शीत-हुमण (भात आणि माशांची आमटी) खाता येईल का.

आधी त्याचंच सांगतो. येईल. मी रोज दुपारी खातो. उकड्या तांदळाचं शीत मोठे तीन-चार चमचे, त्यावर हुमण, बाजूला बांगड्याचे दोन तुकडे. आधी बांगडा संपवायचा, मग पोटात जागा उरली तर शीत. पूर्वी ताटात शिताचा डोंगर असायचा आणि नुस्तें (मासे) तोंडी लावण्यापुरतं. बदललं म्हणायचं तर एवढंच, पण हे एवढंच अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं.

मी फोंड्याचा, नोकरी पणजीत. मे २०१९ मध्ये बायपास झालं तेव्हा १२८ किलो होतो. सगळ्यात खाली ८१ पर्यंत गेलो, आज ८६ आहे. ते पाच किलो कुठून परत आले तेही सांगतो, कारण ती गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

आता तारीख. माझं मत स्पष्ट आहे: चवथ उरकून घ्या. अर्थात शुगर फारच वर असेल किंवा हृदयाची, झोपेत श्वास अडकण्याची तक्रार असेल आणि सर्जन थांबू नका म्हणत असतील, तर माझं मत केराच्या टोपलीत टाका. पण तारीख नुसती ऑपरेशन थिएटर मोकळं आहे म्हणून दिली असेल तर हिशेब करून बघा. पहिले साधारण दोन आठवडे फक्त पातळ. मग दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं. त्यानंतर मऊ, आणि नेहमीचं जेवण दीड-दोन महिन्यांनी. शिवाय महिना-दीड महिना जड उचलायला मनाई. म्हणजे तुम्ही मिक्सरच्या टप्प्यावर असताना घरात माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची आरास) बांधली जाणार, वीस माणसांचं खतखतें (मिश्र भाज्यांचं कालवण) शिजणार, आणि सून म्हणून तुम्ही कोपऱ्यात बसून राहाल? बसणार नाही. पहिल्या दिवशीच पाण्याची कळशी उचलाल. त्यात ऑगस्ट म्हणजे श्रावण. घर शिवराक असणार, म्हणजे ज्या महिन्यात प्रोटीनची सगळ्यात जास्त गरज त्याच महिन्यात मासे नाहीत आणि अंडीही नाहीत. पनीर, डाळी आणि प्रोटीन पावडरवर निभावतं, नाही असं नाही, पण पावडरीच्या वासानेच मळमळतं असे दिवस येतात.

आणि चवथीचं गोड. माझी पहिली चवथ ऑपरेशननंतर साडेतीन महिन्यांनी आली. अर्धी नेवरी (करंजी) खाल्ली, अर्धीच, आणि वर दोन चमचे मणगणें (गुळाची खीर). आरती सुरू झाली. दुसरं कडवं येईपर्यंत कपाळावर घाम, छातीत धडधड, पोटात पिळवटून कळ. हातातली झांज भावाकडे दिली आणि माजघरात जाऊन जमिनीवर आडवा झालो. बायकोला वाटलं हार्ट अटॅक. बाहेर घालीन लोटांगण चाललेलं, आणि मी आत खरोखरच घातलेलं. तासाभराने सगळं निवळलं. याला डंपिंग म्हणतात. बायपासमध्ये अन्न जठराच्या खालच्या दारातून थोडं थोडं न जाता सरळ लहान आतड्यात उतरतं. साखर एकदम तिथे पडली की आतडं शरीरातलं पाणी ओढून घेतं आणि हा तमाशा होतो. काहींना हे लगेच होत नाही, उलट एक ते तीन तासांनी रक्तातली साखर झपकन खाली येते आणि हातपाय थरथरतात. मला त्या दिवसापासून नेवरीचा मोह राहिला नाही. एका अर्थी बरंच झालं.

स्लीव्ह (वजन उतरवायचं दुसरं ऑपरेशन, जठर कापून अरुंद करतात ते) की बायपास यात मी पडत नाही, ते एंडोस्कोपी बघून सर्जनने ठरवायचं. ढोबळ मानाने, जुनी ॲसिडिटी असेल तर स्लीव्हने ती वाढू शकते, आणि शुगरवर बायपासचा हात जास्त चालतो. माझं इन्सुलिन चौथ्या दिवशी बंद झालं, वजन धड दोन किलोही उतरलं नव्हतं तेव्हा. म्हणूनच ऑपरेशननंतर शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या जुन्या चिठ्ठीप्रमाणे घेत राहू नका. डोस रोज विचारून घ्या, नाहीतर साखर भलतीच खाली जाईल.

सासूबाईंना एक सांगा. बायपासमध्ये पोट काढून टाकत नाहीत. जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची पिशवी करतात, चहाच्या छोट्या कपाच्या निम्म्याहून कमी, आणि ती आतड्याला जोडतात. बाकीचं जठर आतच राहतं. (स्लीव्हमध्ये मात्र जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून जास्त कायमचा काढतात, त्यांना ते सांगू नका!) आणि हे कालपरवाचं खूळ नाही. अमेरिकेतल्या एडवर्ड मेसन या सर्जनने पहिलं गॅस्ट्रिक बायपास १९६६ मध्ये केलं. आता दुर्बिणीतून होतं, पाच-सहा छोटी छिद्रं. सहा वर्षं शुगर असलेलं पोट धडधाकट कसं, हे मात्र त्यांना विचारू नका. मी आईला विचारलं होतं, ती दोन दिवस बोलली नाही.

तयारी आजपासून करा, तारीख कुठलीही असो. ऑपरेशनआधी साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा, प्रोटीनवर भर असलेला आहार देतात. लोकांना वाटतं तो वजन उतरवायला. तो असतो लिव्हरसाठी. जाड माणसाचं लिव्हर चरबीने सुजलेलं असतं आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर पसरलेला. तो उचलून धरल्याशिवाय सर्जनला खालचं काही दिसत नाही. आदल्या रात्री "शेवटचं एकदा" म्हणून पोटभर हाणणारे मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. तीन चेंडूंचं ते श्वास आत ओढायचं यंत्र मिळेल, त्यावर रोज सराव करा, भुलीनंतर फुप्फुसं साफ राहतात. सिगरेट, तंबाखू असेल तर बंद. झोपेची तपासणी सांगितली तर टाळू नका. माझ्या घोरण्यावर घरात वीस वर्षं विनोद व्हायचे, तपासणीत कळलं की झोपेत श्वास थांबतो. मग तीन आठवडे रात्री मास्क लावून झोपलो, त्यानंतरच भूलतज्ज्ञांनी होकार दिला.

आणि घरच्या घरी दोन गोष्टी. वाटीत, चहाच्या चमच्याने जेवायला लागा, घास वीस-पंचवीस वेळा चावून. दुसरं, जेवताना पाणी बंद. पाणी जेवणाआधी अर्धा तास थांबवायचं, जेवणानंतर अर्ध्या तासाने पुन्हा घोट घोट. आपल्याकडे शितावर सोलकढी ओतून भुरके मारायची सवय, त्यामुळे मला हे सगळ्यात जड गेलं. शेवटी मी तांब्याच जेवणाच्या टेबलावरून हलवला.

विमा असेल तर आत्ताच विचारा. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५ वा त्याहून जास्त असून अनियंत्रित शुगर, झोपेत श्वास थांबण्याचा तीव्र त्रास, हृदयविकार असं काही गंभीर असेल आणि आधीचे साधे उपाय फसलेले असतील, तर पॉलिसीच्या अटींनुसार खर्च मिळू शकतो. तुमचा बीएमआय ४२ च्या आसपास येतो. आधीच्या डाएटिशियनच्या चिठ्ठ्या, औषधांची बिलं, वजनाच्या नोंदी शोधून ठेवा. माझी फाईल याच कागदांसाठी एकदा परत आली होती.

आता पेज. हे नीट वाचा, कारण गोव्यातल्या घरात चूक इथेच होते. आजारी माणसाला पेज, हे आपल्या रक्तात आहे. मी घरी आलो आणि आईने सकाळी दहाला पेजेची वाटी पुढे केली, वर चिमूटभर मीठ. गरम, गिळायला सोपी, पोटाला गार. दहा दिवस मी तीच प्यालो. नंतर डाएटिशियनने वही मागितली आणि कपाळाला हात लावला. पेज म्हणजे पाणी आणि पिष्ट. पोटात ३० मिलीची जागा, ती पेजेने भरली तर प्रोटीन ठेवायचं कुठे? दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतं. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, १०० ग्रॅम बांगड्यात साधारण वीस. प्रोटीन कमी पडलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही खातं, जिना चढताना पाय लटपटतात. केस तर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात तसेही गळतात, घाबरू नका, परत येतात, पण प्रोटीन आणि लोह कमी असेल तर जास्त गळतात. आईला पेज नको म्हणणं जमेना, तेव्हा तोडगा निघाला: पेजेच्या पाण्यात मुगाची डाळ शिजवून घोटायची आणि गाळून द्यायची. ती खूश, डाएटिशियनही बऱ्यापैकी खूश. पुढे मिक्सरच्या टप्प्यावर मुडदुशी वाफवून, काटे काढून, हुमणाच्या रसात फिरवून खाल्ली. दिसायला भयंकर, चवीला झकास.

गोळ्या जन्मभर. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, कॅल्शियम, डी. लोह आणि कॅल्शियम एकत्र नाही, मध्ये दोन तास, आणि लोहावर लगेच चहा नाही. मी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ढिला पडलो. बरं वाटत होतं, दुकानाला रांगा, रक्ततपासणी राहिली. दहा-अकरा महिन्यांनी तळपायाला मुंग्या यायला लागल्या, चप्पल पायात आहे की निसटली तेच कळेना. बी-१२ तळाला गेलं होतं. इंजेक्शनं घेऊन सुधारलं, पण डाव्या पायाची दोन बोटं अजून जराशी बधिर आहेत. दोष माझाच.

ते पाच किलो? चहात बुडवलेली बिस्किटं. मऊ, ओलं, गोडसर काहीही त्या छोट्या पिशवीतून सरसर खाली उतरतं, पोट भरल्याची जाणीवच होत नाही. चिकन दोन घासांत थांबवतं, बिस्किटांचा पुडा थांबवत नाही. ऑफिसात चार वाजता सुरू झालेलं हे एक-दोन करत वर्षभर चाललं. डंपिंगही होईना, कारण एका वेळी थोडंच.

बाकी भराभर. ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या बायपासनंतर नकोत, जोडाच्या जागी अल्सर होतो. पॅरासिटामॉल चालते, आणि दाताच्या डॉक्टरलाही हे आठवणीने सांगा. वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी पहिले सहा महिने गोळी देतात. मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबायचं असतं; वजन उतरलं की पाळी सुधारते आणि दिवस राहण्याची शक्यताही वाढते, आणि तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर तेव्हा विसंबता येत नाही, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांशी आधीच बोला. यजमानांकडे काजूच्या मोसमात उराकाची मैफल जमत असेल तर लांब राहा. दारू आता फार लवकर आणि फार जोरात चढते, आणि भुकेची जागा तिने घेतलेले लोक मला माहीत आहेत.

घरी आल्यावर ताप, नाडी सतत १२० च्या वर, वाढत जाणारी पोटदुखी, धाप, पोटरी सुजणं, यातलं काही झालं तर "सकाळी बघू" नाही. सर्जनला फोन, नाहीतर १०८. उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर बी-१ बद्दल स्वतःहून विचारा, ते संपलं तर मेंदूवर आणि नसांवर येतं.

तर सप्टेंबरअखेरची किंवा ऑक्टोबरची तारीख मागून बघा. तोवर मासेही स्वस्त झालेले असतील. आणि डाएटिशियनकडे जाताना सासूबाईंना बरोबर न्या, तक्ता तुमच्या स्वयंपाकघरातल्या नावांनी लिहून घ्या: मूग, हळसांदे (चवळी), तारले (मासे), अंडी. माझ्या पहिल्या तक्त्यात ब्रोकोली होती. सर्जन काय म्हणाले ते इथे कळवा.