तिसरीत गेला आणि एकदम मार्क घसरले, मुलगा 'ढ' झालाय का?

"मावशी, मी साताऱ्याची. मुलगा यंदा तिसरीत गेला, सेमी इंग्लिशला आहे. दुसरीपर्यंत प्रगतीपुस्तकात सगळीकडे अ-१, बाई पण कौतुक करायच्या. आणि आता ऑगस्टच्या घटक चाचणीत गणितात १५ पैकी ६, परिसर अभ्यासात ७. एक गणित तर असं होतं की ३६ आंबे आहेत, एका पेटीत ४ मावतात, पेट्या किती लागतील, तर ह्याने लिहिलं ४०! मी सहाला ऑफिसातून येते, साडेसहाला त्याला घेऊन बसते ते नऊ साडेनऊपर्यंत, रोज रडारड, परवा तर हात उचलला गेला माझ्याकडून. नवरा म्हणतो सेमीचं खूळ सोड, इंग्लिश मिडीयमला टाकू, शिवाय त्याच्या ओळखीत एक 'स्कॉलरशिप फाउंडेशन' क्लास आहे, तीन महिन्यांचे तीन हजार. सासरे एसटीत कंडक्टर होते, त्यांचं म्हणणं पाढे पाठ करून घे, बाकी सगळं झूट. सासूबाई उठता बसता जावेच्या मुलीचं उदाहरण देतात. त्यात यंदा तुकड्या बदलल्या आणि सोमवार आला की ह्याचं पोट दुखतं. मी कुठे कमी पडतेय?"

अगं, ढ बिढ काही नाहीये तो. त्या ४० कडे जरा नीट बघ ना. ३६ दिसले, ४ दिसले, दिली ठोकून बेरीज. आणि बेरीज बरोबर आहे त्याची! म्हणजे प्रश्न वाचलाच नाहीये, आकडे तेवढे उचललेत, आणि तो पेपर इंग्रजीत होता हे तू पत्रात लिहिलं नाहीस पण सेमी म्हटल्यावर मला कळतंय. 'बॉक्सेस' आणि 'ईच' ह्या दोन शब्दांपाशी बरीच पोरं अडकतात.

आज रात्री एवढंच कर. वही नको, पुस्तक नको. ३६ चिंचोके घे, चिंचोके नसतील तर शेंगदाणे घे (थोडे जास्त घे, मधेच खाणार तो), आणि मराठीत सांग की हे आंबे, एका पेटीत चारच मावतात, भर पेट्या. त्याने नऊ ढीग केले की समज भागाकार त्याच्या डोक्यात आहे, अडलंय ते वाचनात. ढीगच करता आले नाहीत, तर मग गणितात मागे जावं लागेल, पण माझी पैज आहे की नऊ होतील.

आता ही तिसरी नक्की काय भानगड आहे ते सांगते, कारण शाळा पालकसभेत गणवेश आणि डब्याबद्दल अर्धा तास बोलते आणि हे सांगायचं राहून जातं. पहिली दुसरीत मूल वाचायला शिकतं, तिसरीपासून वाचून बाकीचं शिकायचं असतं, बस, एवढाच फरक, पण फार मोठा आहे तो. परिसर अभ्यास हा वेगळा विषय इथे पहिल्यांदा येतो, गणितात शाब्दिक उदाहरणं वाढतात, उत्तरं 'एका वाक्यात' लिहायची वेळ येते. म्हणजे वाचनात जो जरासा अडखळतो तो दुसरीत फक्त भाषेत मागे दिसायचा, तिसरीत एकदम सगळ्याच विषयांत मागे दिसायला लागतो, आणि घरच्यांना वाटतं पोराला अचानक झालं तरी काय! नव्या शैक्षणिक धोरणातसुद्धा बालवाडीपासून दुसरीपर्यंत एक टप्पा आणि तिसरी ते पाचवी दुसरा टप्पा असंच धरलंय. आणि त्या अ-१ चं पण ऐक, आपल्याकडे पहिली दुसरीला १०० पैकी ७० गुण आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे वर्षभराचं तोंडी काम, उपक्रम, कृती वगैरे, आणि लेखी परीक्षेचं वजन फक्त ३०. तिसरी चौथीला ते ६० आणि ४० होतं. बरं त्या ६० मध्ये पण आता लिहिणं जास्त येतं. तेव्हा दुसरीचा अ-१ खोटा नव्हता, पण तो बराचसा बोलक्या, हुशार, हात वर करणाऱ्या पोराचा अ-१ होता. लिहिणाऱ्या पोराचा अजून व्हायचाय.

पायाभूत चाचणी पण असते, तिचा पेपर आदल्या वर्षाच्या अभ्यासावर असतो आणि कोण कुठे अडलंय ते शाळेला कळावं म्हणून असतो. वर्गाच्या ग्रुपवर त्या मार्कांचे फोटो फिरत असतील तर तो ग्रुप म्यूट कर, अगदी आत्ता.

मग वाचनाचं करायचं काय? सरकारचं निपुण भारत म्हणून अभियान आहे, २०२१ पासूनचं, त्यात तिसरीच्या शेवटी मुलाने मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचावेत असं ध्येय ठेवलंय. तिसरीच्या *शेवटी*, म्हणजे एप्रिलमध्ये, ऑगस्टमध्ये नाही! आणि हे सगळ्यांना जमतंय असंही समजू नकोस, 'असर' म्हणून खेड्यांतल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी होते, तिच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या खेड्यांतल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी होती २३.४ टक्के. हा आकडा देशासाठी वाईट आहे, पण तुझ्यापुरतं सांगायचं तर तुझा मुलगा काही जगावेगळा नाहीये. तू एकदाच, त्याला न सांगता, मोबाईलवर मिनिट लाव आणि त्याला न वाचलेलं एखादं पान मोठ्याने वाचायला दे. वेगापेक्षा कान दे तो कसा वाचतो त्याकडे. पहिलं अक्षर बघून बाकीचं अंदाजाने ठोकतो का, म्हणजे 'पर्यावरण' लिहिलंय आणि हा 'परवाना' वाचून पुढे पळाला, रफार दिसला की गिळून टाकला, ओळ संपली की दम न घेता पुढच्या ओळीत घुसला, असं होत असेल तर पान संपल्यावर "काय झालं रे गोष्टीत?" विचारलंस की तो तुझ्याकडे बघतच बसेल.

त्यावर उपाय साधा आहे आणि रोजचा आहे. वीस मिनिटं. एक परिच्छेद तू वाच, एक तो वाचेल, चुकला की लगेच तोडू नकोस, वाक्य संपू दे, मग "परत बघ बरं हा शब्द" एवढंच. धड्याचं पुस्तक नको ह्यासाठी, किशोर मासिक आण, बालभारतीचंच आहे, स्वस्त आहे. त्याला क्रिकेट आवडत असेल तर पेपरचं शेवटचं पान पण चालेल. इंग्रजीचं वेगळं पाच मिनिटं, फक्त गणिताच्या पुस्तकातली शाब्दिक उदाहरणं, ती सोडवायची नाहीत, नुसती वाचून मराठीत सांगायची की ह्यात विचारलंय काय. 'हाऊ मेनी मोअर' म्हणजे वजाबाकी करायची हे मोठ्यांना सुद्धा पटकन कळत नाही, मोअर दिसलं की बेरीज!

आता पाढे. सासरे चुकीचं बोलत नाहीयेत, तिसरीत दहापर्यंतचे पाढे पक्के नसतील तर गुणाकार भागाकार दोन्ही रडवतात. पण तुमच्या घरी गंमत अशी झालीय की आजोबा म्हणून घेतायत 'सात चोक अठ्ठावीस' आणि शाळेत चाललंय 'सेव्हन फोर जा ट्वेंटी एट', आणि पोरगं मधल्यामध्ये लटकलंय. त्यात मराठी आकडे म्हणजे आणखी वैताग, एकोणऐंशी म्हटलं की ही मुलं हमखास ८९ लिहितात कारण कानाला ऐंशी ऐकू येतं. एक भाषा ठरवा पाढ्यांसाठी, माझं मत मराठी, कारण मराठी पाढ्याला चाल आहे आणि ती एकदा बसली की जन्मभर जात नाही, फक्त उत्तर आलं की ते आकड्यात लिहायचं, म्हणजे शाळेत भाषा कुठलीही असो, आकडा तोच. एक आठवडा एकच पाढा, उलटसुलट.

आणि अगं, तुझ्या घरात रिटायर कंडक्टर आहेत आणि तू पैशाच्या गणितांसाठी क्लास शोधतेस? १८ रुपयांची दोन तिकिटं, पन्नासची नोट दिली, सुट्टे किती परत द्यायचे, हे त्या माणसाने आयुष्यभर हलत्या गाडीत उभ्याने केलंय. परिसर अभ्यास पण त्यांच्याकडेच दे. तिसरीत आपला जिल्हा येतो, नकाशा, दिशा, नद्या, तालुके. साताऱ्याचे अकरा तालुके त्यांना रूटसकट पाठ असणार. एखाद्या रविवारी नातवाला घेऊन संगम माहुलीला जाऊ देत, कृष्णा कुठली वेण्णा कुठली ते तिथे उभं राहून दाखवू देत, मग अजिंक्यतारा कुठल्या दिशेला आला ते त्याला विचारू देत. त्या पेपरातले सातचे दहा ह्याच मार्गाने होतील, प्रश्नोत्तरं घोकून नाही व्हायचे.

आता तुझ्याकडे येते. साडेसहा ते साडेनऊ? केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण आहे, त्यात तिसरी ते पाचवीला गृहपाठ *आठवड्याला* जास्तीत जास्त दोन तास असं लिहिलंय. आठवड्याला गं! तू एका रात्रीत दीड आठवड्याचा कोटा संपवतेस. आठ वर्षाचं पोर शाळेतून येऊन परत तीन तास बसलं की पाऊण तासानंतर त्याच्या डोक्यात काहीही जात नाही, आणि तू पण दिवसभर राबून आलेली, भुकेलेली, मग हात उठतो. ह्यावर "पुन्हा मारणार नाही" अशी शपथ घेऊन भागत नाही, वेळ कापावी लागते. चहा घे, त्याला खायला दे, सात ते पावणेआठ, घड्याळ लावून, झालं ते झालं, राहिलं ते राहिलं. राहिलं तर वहीत बाईंना चार ओळी लिही की एवढं झालं, बाकी झालं नाही. बाई काही फासावर देत नाहीत. आणि मारल्याबद्दल त्याला सॉरी म्हण, साध्या आवाजात, एकदाच, लगेच पुढे 'पण तू पण ना' जोडू नकोस.

पोटदुखीला हे सगळं कारण असेल असं मला वाटत नाही बरं का. रविवारी नाही, सोमवारी आहे, आणि तुकडी बदललीय. त्याचा दोस्त दुसऱ्या तुकडीत गेलाय का? ह्या वयात आईपेक्षा बाकावर शेजारी कोण बसतं हे मोठं असतं, डबा कोणाबरोबर खायचा हा खरा प्रश्न असतो, 'तू आमच्यात नाहीस' पण ह्याच वर्षी सुरू होतं. "शाळेत काय झालं?" विचारलंस तर "काही नाही" येईल. "आज डबा कोणाबरोबर खाल्लास?" असं विचार. सलग तीन दिवस उत्तर चुकवलं तर बाईंशी बोल, आणि जुन्या दोस्ताला शनिवारी घरी बोलव. पोट सुट्टीच्या दिवशी पण दुखत असेल, उलटी, वजन कमी होणं असं काही असेल, तर मात्र डॉक्टर.

डोळे तपासलेस का? तपासून घे ह्याच महिन्यात. फळ्यावरचं चुकीचं उतरवण्याची निम्मी गोष्ट कधी कधी चष्म्यावर मिटते. आणि डोळे ठीक, रोज वाचन करून तीन चार महिने झाले तरी अक्षरं उलटीपालटी, तोंडी सगळं येतं पण कागदावर शून्य, असं राहिलं, तर अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्यायची, त्याचा अधिकृत दाखला आठव्या वर्षापासून मिळतो. तुझ्या पत्रावरून मला तसं वाटत नाही, पण लाज म्हणून टाळायचं नाही, एवढं लक्षात ठेव.

इंग्लिश मिडीयम? नको. एका विषयात इंग्रजी अडतंय म्हणून सगळेच विषय इंग्रजीत करायचे, हा कुठला न्याय? तेही वर्षाच्या मध्यात, तेही तुकडी बदलली तर पोट दुखणाऱ्या मुलाला. नवऱ्याला सांग, चौथीपर्यंत तरी कोणी नापास करत नाही त्याला, तेव्हा घाई कसली.

सासूबाईंच्या उदाहरणावर "हो ना, हुशार आहे हो ती" म्हणून विषय संपव, वाद घालू नकोस, पण मुलाच्या समोर चाललं असेल तर सासऱ्यांना मधे घाल, ते तुझ्या बाजूने आहेत असं मला पत्रावरून वाटलं.

बाईंना भेट, पण पालकसभेच्या गर्दीत नको, शाळा सुटल्यावर दहा मिनिटं. "कसा आहे तो?" विचारू नकोस, "चांगला आहे पण जरा लक्ष द्या" हेच ऐकू येईल. वही उघडून विचार, तोंडी विचारलं तर त्याला येतं का? वर्गात मोठ्याने वाचतो का? प्रश्न कळत नाही तेव्हा विचारतो की गप्प बसतो? आणि दिवाळीआधीच्या संकलित चाचणीपर्यंत मार्कांचा विषय घरात काढू नका.

राहिला तो क्लास. पाचवीची शिष्यवृत्ती परत चौथीला आणल्यापासून अशा 'फाउंडेशन' पाट्या गल्लोगल्ली लागल्यात, तिसरीच्या मुलांना पर्यायांपुढचे गोल काळे करायला शिकवतात. प्रश्न वाचता येत नसताना पर्याय वाचून काय करणार तो? तीन हजार भरले नसशील तर भरू नकोस, आणि भरले असशील तर परत आणायला नवऱ्यालाच पाठव, ओळख त्याची आहे.