बोकियासला पहिल्यांदा जाताय?

टेक्सासच्या बिग बेंड नॅशनल पार्कमधून सीमेवरची रिओ ग्रांदे नदी ओलांडून मेक्सिकोतल्या बोकियास देल कार्मेन या गावाला जायचं, तर आधी पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ग्रीन कार्ड खिशात आहे ना, ते बघा. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, पण तो मल्टिपल एंट्री हवा. सीमेवरच्या नाक्याचे वार आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. शेवटच्या होडीच्या भरवशावर राहू नका, नाका बंद झाला की रात्र पलीकडेच. परतताना एका यंत्रासमोर पासपोर्ट दाखवून दूर बसलेल्या अधिकाऱ्याशी फोनवर बोलायचं असतं.

वल्ह्याची होडी दोन-तीन मिनिटांत पलीकडे नेते. पुढे गावापर्यंत गाढवावर बसा किंवा पायी चला. माझं मत विचाराल तर चालाच, पण उन्हाळ्यात नको. सुटे डॉलर भरपूर ठेवा. शाकाहारी असाल तर जेवण सांगताना ‘सिन मान्तेका’ म्हणा, कारण घेवड्याच्या उसळीत बऱ्याचदा डुकराची चरबी असते.

आणि खरेदी गावातच करा, मनापासून सांगतो. २००२ मध्ये हा नाका बंद झाला तो थेट २०१३ मध्ये उघडला. पर्यटकांवर जगणाऱ्या या गावातली कितीतरी घरं त्या अकरा वर्षांत रिकामी झाली. दारात बसून बाया पिशव्यांवर भरतकाम करतात, तांब्याच्या तारेचे विंचू वळलेले असतात. त्याच वस्तू अमेरिकेच्या बाजूला पायवाटेवर मांडलेल्या दिसतील, त्या घेणं बेकायदा आहे, जप्त होतात. घासाघीस करू नका.