ऑप्शन फॉर्म भरण्याआधी

इंजिनिअरिंगला येणाऱ्या प्रत्येक ज्युनियरला मी आधी हेच सांगते: कॅपचा (म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीची यादी, सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर सोडू नकोस. ही प्रक्रिया चालवणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या साइटवर गेल्या वर्षीचे कटऑफ असतात. तुझ्या पर्सेंटाइलच्या थोडी वरची कॉलेजंही यादीत टाक, पण क्रम मनापासून लाव. पहिल्याच फेरीत पहिली पसंती मिळाली, तर ती जागा आपोआप पक्की होते. मग हळहळून उपयोग नाही.

नॅक आणि एनबीए ही दर्जा तपासून मिळणारी मानांकनं. नॅक संपूर्ण कॉलेजचं असतं, एनबीए मात्र शाखेपुरतं. म्हणून तुझ्या शाखेला एनबीए आहे का, ते बघ. फी भरमसाट वाटली तर घाबरू नकोस. कॅपमधून प्रवेश घेतलास आणि घरचं उत्पन्न मर्यादेत बसलं, तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, जूनमध्ये तहसीलला झुंबड उडते.

एकदा तरी कॉलेज चालू असताना जा. गेटवरचे प्लेसमेंटचे फ्लेक्स वाचत बसू नकोस, थेट कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठ. प्रॅक्टिकल खरंच होतात की नुसत्या जर्नल उतरवून घेतात, हे ते लगेच सांगतील.

प्रवेशानंतर पहिल्या सेमिस्टरचं एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, अजिबात हलक्यात घेऊ नकोस. केटी (नापास झालेला विषय पुढच्या वर्गात गेल्यावर पुन्हा देणं) बहुतेक तिथेच लागते. अडलं की त्याच आठवड्यात सरांना विचार.