व्यंगचित्रावर लिहायला शिकवताना अर्थ शेवटी विचारा

तुमची अडचण अशी की, नववी-दहावीची मुलं व्यंगचित्र बघून हसतात, पण लिहायला बसली की ‘या चित्रातून भ्रष्टाचाराचे दर्शन घडते’ यापुढे सरकत नाहीत. यात मुलांचा दोष थोडा, आपल्या प्रश्नाचा जास्त. ‘चित्रकाराला काय सांगायचे आहे?’ असं आल्या आल्या विचारलं की मूल चित्र सोडून पाठ केलेल्या वाक्यांकडे धावतं. मी हा प्रश्न तासाच्या शेवटासाठी राखून ठेवते.

सुरुवात एकाच चित्राने करा. माझी निवड व्यंगचित्रकार अबू अब्राहम. १० डिसेंबर १९७५ च्या इंडियन एक्सप्रेसमधलं त्यांचं चित्र: राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद बाथटबमध्ये आहेत, सही केलेला कागद दाराकडे पुढे करताहेत आणि म्हणताहेत, ‘आणखी अध्यादेश असतील तर त्यांना जरा थांबायला सांगा.’ चित्र आणीबाणीतलं आहे आणि आणीबाणी मुलांच्या अभ्यासात असते, त्यामुळे वेगळी तयारी फार लागत नाही.

आधी फक्त दिसतं ते वहीत लिहायचं. कोणी ‘लाचार राष्ट्रपती’ लिहिलं की मी म्हणते, लाचारी कुठे काढलीय त्यावर बोट ठेव. मग मूल परत चित्रात शिरतं. माणूस उघडा आहे, टबातून उठलेलासुद्धा नाही, आणि सही मात्र झालेली आहे. विशेषणं गळून पडतात आणि हाताशी पुरावे उरतात.

त्यानंतर मी फळ्यावर दोनच गोष्टी लिहिते. एक, कलम १२३: संसदेचं अधिवेशन चालू नसताना, तातडीने पावलं उचलणं गरजेचं आहे अशी राष्ट्रपतींची खात्री झाली तर त्यांना अध्यादेश काढता येतो. दोन, २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर सही झाली आणि मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. एवढं वाचून मुलं पुन्हा त्या टबाकडे बघतात, आणि ‘खात्री’ कधी झाली असेल, हा प्रश्न बहुतेक वेळा त्यांच्यातूनच येतो. आला नाही तर खुशाल तुम्ही विचारा. यात कसला कमीपणा नाही.

मग चित्रात नसलेल्या माणसांकडे वळा. इंदिरा गांधी कुठेच नाहीत. ‘त्यांना’ म्हणजे कोणाला? यावर वर्ग चांगला भांडतो, भांडू द्या.

आता लिखाण. माझी एकच अट असते: ‘अबू म्हणतात की…’ असं वाक्य सुरू करायचं, आणि ते असं संपवायचं की कोणाला तरी त्याला विरोध करता आला पाहिजे. ‘आणीबाणी वाईट होती’ हे चालत नाही, कारण ते चित्र न बघताही लिहिता येतं. ‘अबू म्हणतात की राष्ट्रपतींची खात्री नुसत्या सहीपुरती उरली होती’ हे चालतं. मग आधाराला दोन तपशील, आणि शेवटी एक आक्षेप. राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालायचं असतं, मग एकट्या त्यांची थट्टा कितपत न्याय्य, असं कोणी लिहिलं तर मी भरघोस गुण देते. नुसती प्रतीकांची यादी करणाऱ्याला मात्र जेमतेम पास. ‘प्रतीक व त्याचा अर्थ’ अशा जोड्या लावायला देणाऱ्या कार्यपत्रिकांवर माझा फारसा विश्वास नाही.

उपरोध शिकवायला ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांचं २० सप्टेंबर १९३९ चं चित्र घ्या. पोलंडच्या प्रेतापाशी हिटलर आणि स्टालिन टोप्या काढून, वाकून एकमेकांना अभिवादन करताहेत आणि तोंडाने शिव्या देताहेत. आधी त्यांच्या तोंडच्या ओळी झाकून दाखवा, मग उघडा. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनबाबत उलट करावं लागतं. तो बोलत नाही, त्यामुळे मुलं त्याला विसरूनच जातात. तो कुठे उभा आहे आणि कोणाकडे बघतोय, एवढंच विचारा.

व्यंगचित्रकार शंकर यांचं १९४९ चं, गोगलगायीच्या रूपातल्या राज्यघटनेवर बसलेल्या डॉ. आंबेडकरांचं चित्र पहिल्या तासाला नको. पण टाळूही नका. त्यात आंबेडकरांच्या हातात चाबूक आहे आणि मागे उभ्या नेहरूंच्याही हातात आहे. नेहरूंचा चाबूक कोणावर, गोगलगायीवर की आंबेडकरांवर? घटना तयार व्हायला वेळ लागतोय या तेव्हाच्या तक्रारीशी जोडून पाहणारा एक अर्थ लावतो. चाबूक ज्यांच्या पिढ्यांनी सोसला, त्या घरातलं मूल वेगळा लावतं. २०१२ मध्ये एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातल्या याच चित्रावरून संसदेत गदारोळ झाला, सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी पाठ्यपुस्तकांच्या मुख्य सल्लागारपदाचे राजीनामे दिले, पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. तोडफोडीला वर्गात पाठीशी घालायचं कारण नाही. पण ‘मला हे चित्र खुपतं’ हेही उत्तर आहे, फक्त चित्रातली कुठली रेघ खुपते ते लिहायला लावा. चित्रकाराचा हेतू आणि वाचणाऱ्याचा अनुभव यांसाठी इथे दोन वेगळे परिच्छेद मागा, नाहीतर मुलं एकाच वाक्यात दोघांचा निकाल लावून मोकळी होतात.

आजच्या स्थानिक पुढाऱ्यांवरची चित्रं सहामाहीनंतर आणा. तोवर पालकांनाही वर्गातली पद्धत कळलेली असते. आणि झेरॉक्स काढताना चित्राखालची ओळ आणि तारीख कापली जात नाही ना, ते बघा. तारखेशिवाय दुसरी फेरी, म्हणजे फळ्यावरच्या संदर्भानंतर पुन्हा चित्र बघणं, होतच नाही.