आमवातासाठी स्टेरॉइड चालू आहे, सहा महिने डाएट करूनही वजन हलत नाही. गोळी कमी केली तर उतरेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल. गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नका. अर्धीसुद्धा नाही. मी केली होती, म्हणून सांगतेय.

तुम्ही लिहिलंय की चार वर्षं आमवात आहे, प्रेडनिसोलोन (हेच ते स्टेरॉइड) रोज १० मिलिग्रॅम, सहा महिने मोजूनमापून खाताय, काटा ८१ वरून हलत नाही आणि घरचे म्हणतात तुझा तोंडावर ताबा नाही. हे शेवटचं वाचलं आणि मी तपासत होते ते पेपर बाजूला ठेवले. गणित शिकवते मी. ३२ पेपर राहिलेत, राहू देत.

मला २०१३ मध्ये निदान झालं तेव्हा वजन ५८ होतं. सकाळी उठल्यावर दोन-दोन तास बोटं आखडलेली, खडू धरता यायचा नाही, फळ्यावर लिहायला मुलांना बोलवायचे आणि त्यांना वाटायचं बाई आपली परीक्षा घेतायत. आमवात आटोक्यात ठेवणारं मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू झालं पण त्याचा गुण यायला काही आठवडे जातात, तोवर निभावून न्यायला स्टेरॉइड. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी माझे केस स्वतःच्या हाताने विंचरले आणि रडले. त्यामुळे स्टेरॉइडला कुणी सरसकट विष म्हणालं की मला राग येतो. १९४८ मध्ये फिलिप हेंच या अमेरिकी डॉक्टरांनी आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलं आणि जिला धड हलता येत नव्हतं ती बाई थोड्याच दिवसांत चालायला लागली. दोन वर्षांत त्यांना, केंडल आणि राइखस्टाइन यांच्याबरोबर, नोबेल मिळालं. तोटेही तेव्हाच दिसायला लागले होते ही गोष्ट वेगळी.

तर तोटे. ती भूक ज्याला लागलेली नाही त्याला समजावून सांगता येत नाही. जेवून हात धुताना परत भूक. रात्री तीनला जाग आणि पोटात खड्डा. चेहरा गोल झाला, गाल असे वर आले की फोटोत डोळे दिसेनात, पोट वाढलं आणि हातपाय मात्र काड्यांसारखे, कारण ही गोळी चरबी धड-मानेकडे सरकवते, स्नायू झिजवते आणि पाणी धरून ठेवते, तिन्ही एकदम. डॉक्टर डोस उतरवायला बघायचे पण साडेसात मिलिग्रॅमवर आलं की मनगटं परत सुजायची, असं करत १० मिलिग्रॅमवर चौदा महिने अडकले. वजन ७४.

आता दादा. माझा सख्खा मोठा भाऊ, सहा वर्षांनी मोठा, पळायला लागला आणि वर्षभरात १८ किलो उतरवले. माझं ठाम मत आहे की ज्याने एकदा वजन उतरवलंय त्याच्याइतका धोकादायक सल्लागार दुसरा नाही, कारण त्याला वाटतं त्याने हे मनाच्या जोरावर केलं, आणि जोर लावायला धड गुडघे होते हे त्याच्या लक्षातच येत नाही. २०१६ मध्ये एकदा सगळे जमलेलो असताना तो सगळ्यांसमोर म्हणाला, "गणिताची बाई ना तू? आत किती गेलं, बाहेर किती गेलं, साधी वजाबाकी आहे. आजाराचं निमित्त पुरे." कुणी काही बोललं नाही. आई पण नाही. आणि मी, ३९ वर्षांची बाई, चिडून पैज लावून बसले. बारा आठवडे, दर रविवारी काट्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर.

पहिले तीन आठवडे काही नाही. खाणं निम्म्यावर आणलं होतं, संध्याकाळी चालत होते, दुखलं की बर्फ लावून परत चालत होते. काटा ७४, ७३.८, ७४.१. ग्रुपवर दादा एकेक माहिती टाकायचा. एकदा टाकलं की एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार कमी होतो. खरंच आहे ते, गुडघ्यांच्या झिजेवरच्या अभ्यासातून आलेलं आहे, पण ज्या दिवशी मी जिना बसून उतरले त्या दिवशी ते वाचायला कसं वाटलं असेल बघा. चौथ्या आठवड्यात मी ठरवलं की खरा दोषी गोळी आहे. तुम्ही ठरवताय अगदी तसंच. आणि विचार चुकीचा नव्हता हो, दोषी गोळी होतीच थोडी. १० च्या ५ केल्या, पाच दिवसांनी बंद. कुणाला सांगितलं नाही.

काटा लगेच खाली आला. ७२, मग ७१, मग ६९.८. ग्रुपवर अंगठेच अंगठे. माझं मात्र अंग गळून गेलेलं, जेवणाची इच्छाच जायला लागली आणि मूर्खासारखा मला त्याचा आनंद होत होता, की बघा आला ताबा तोंडावर. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. मग एका रात्री उलट्या सुरू झाल्या, साधा पोटाचा संसर्ग असेल, धडधाकट माणूस दोन दिवसांत उठला असता. मी बाथरूमच्या दारात पडले. बीपी ८० वर ५०, रक्तात सोडियम कमी. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांनी औषधांची यादी मागितली आणि पहिलाच प्रश्न विचारला, स्टेरॉइड कधी बंद केलं? शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे स्टेरॉइडच, दिलं, काही तासांत मी उठून बसले.

झालं काय होतं, तर मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रोज स्वतः कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं आपलं स्टेरॉइड, बनवतात, साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं. बाहेरून महिनोन्महिने जास्त मिळत राहिलं की त्या काम थांबवतात. गोळी एकदम काढली तर त्या लगेच जाग्या होत नाहीत, कधीकधी महिने लागतात. म्हणून डोस हळूहळू उतरवायचा असतो, शेवटी तर एकेक मिलिग्रॅमने, आणि मध्ये ताप-उलट्या आल्या तर उलट वाढवावा लागतो. हे मला चौदा महिन्यांत कुणी नीट सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, खरं सांगायचं तर नक्की आठवत नाही.

रात्री गाडी दादानेच काढली होती. पहाटेपर्यंत खुर्चीत बसून होता. आणि सकाळी सलाईनकडे बघत म्हणतो, "पण चार किलो तर गेले ना?"

या वाक्याला मी इतक्या वर्षांत मनात इतकी उत्तरं दिली आहेत की आता इथे एकदाचं लिहून टाकते. गेले, पण काय गेलं? काटा फक्त बेरीज सांगतो. चरबी, स्नायू, पाणी, पोटात पडलेलं, सगळं मिळून एक आकडा. एक समीकरण आणि चार अज्ञात, आठवीतलं पोरगंसुद्धा सांगेल की हे सुटत नाही. माझ्या त्या चार किलोंत पाणी होतं, उपासमार होती आणि आधीच झिजलेले स्नायू अजून झिजलेले होते. आमवातात हा प्रकार गोळीशिवायही होतो, सूज स्नायू खाते आणि चरबी तशीच राहते, वजन तेच आणि आत माल बदललेला. म्हणून आपल्यासारख्यांना बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, फसवतो. मुळात ते सूत्र १८३० च्या दशकातल्या केटले नावाच्या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाचं, 'सरासरी माणूस' शोधण्यासाठी केलेलं, एकेका आजारी माणसाला तोलण्यासाठी नाही. बीएमआय हे नाव १९७२ मध्ये ॲन्सेल कीज या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दिलं.

आणि ती साधी वजाबाकी? याच कीज यांनी १९४४-४५ मध्ये मिनेसोटात ३६ निरोगी तरुण पुरुषांना सहा महिने साधारण निम्म्या खाण्यावर ठेवलं होतं. वजन उतरलंच, वजाबाकी खोटी नाही. पण शरीराने खर्चही आखडला, नाडी मंदावली, थंडी वाजायला लागली, माणसं चिडचिडी झाली आणि दिवसरात्र खाण्याचाच विचार करायला लागली. म्हणजे 'आत' कमी केलं की 'बाहेर' आपोआप कमी होतं, दोन्ही आकडे एकमेकांना बांधलेले आहेत. धट्टीकट्टी माणसं ती. त्यात गोळीने लावलेली भूक घाला, दुखण्याने गेलेली झोप घाला, सुजेचा दिवस आला की बंद झालेलं चालणं घाला. आणि मग मला सांगा ताबा नाही.

बरं, तुमचा प्रश्न राहिला. गोळीमुळे वजन अडतं का, तर हो, अडू शकतं, १० मिलिग्रॅम रोज म्हणजे काही थोडं नाही. पण ती कमी करायचा रस्ता डॉक्टरांकडून जातो. त्यांना 'वजन वाढतंय' म्हणू नका, ते म्हणतील कमी खा. सरळ विचारा की आमवात आटोक्यात ठेवायला दुसरं औषध वाढवून किंवा बदलून माझं स्टेरॉइड उतरवता येईल का, आणि किती महिन्यांत. माझं तसंच झालं, दुसरं औषध जोडल्यावर दीड वर्षात शून्यावर आले. सकाळी खाल्ल्यावर गोळी घेत नसाल तर तेही विचारा, संध्याकाळी घेतली की झोप उडते आणि झोप उडाली की भूक वाढते. रक्तातली साखर तपासली आहे का? स्टेरॉइडवर ती चढते, आणि हाडांची घनता पण बघून घ्या. बाकीच्या गोळ्यांची यादी पण काढा, प्रेगाबॅलिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन, ग्लिमेपिराइड, इन्सुलिन, प्रोप्रॅनोलॉल यांनीही वजन वाढू शकतं आणि दुखण्यासाठी म्हणून यातली एखादी आपल्या नकळत चालू असते. ही पण आपल्या मनाने थांबवायची नाही, परत सांगते.

खाणं अजून कमी करू नका, सहा महिने झालेत, पुरे. प्रथिनं वाढवा आणि स्नायूंना काम द्या. मी खुर्चीत बसून रबरी पट्ट्याने सुरुवात केली, दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, सांधा गरम आणि सुजलेला असेल त्या दिवशी तो सांधा सोडून. पाण्यातला व्यायाम मिळाला तर फारच छान. काटा आठवड्यातून एकदा, आणि शेजारी कमरेचं माप आणि हात न टेकता खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं तो आकडा. एकाच समीकरणावर राहू नका एवढंच म्हणणं आहे. माझा काटा आठ महिने ढिम्म होता आणि कंबर सहा सेंटिमीटर कमी झाली होती.

दादाचं एक बरोबर होतं हेही लिहिते, नाहीतर अन्याय होईल. येता-जाता तोंडात टाकलेलं मी वहीत लिहीत नव्हते. लिहायला लागल्यावर कळलं ते बरंच होतं. पण ते त्याने वेगळ्या शब्दांत सांगितलं असतं तर.

हे सगळं आमवातापुरतं, हे आधीच लिहायला हवं होतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवायचं मी म्हणाले ते विसरा, डॉक्टर सांगतील तेवढीच. हृदय कमजोर असेल आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नाही, पाणी आहे, लगेच फोन करायचा. आणि ज्या आजारात थोड्या श्रमानंतर दिवसचे दिवस गळून जायला होतं, त्यात हळूहळू व्यायाम वाढवत नेणं उलटं पडतं, उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये तो सल्ला काढूनच टाकला. प्रयत्न न करता वजन भराभर उतरायला लागलं तर अभिनंदन घेत बसू नका, तपासणी करा. वजन उतरवणारी नवीन इंजेक्शनं आली आहेत, सेमाग्लुटाइड वगैरे, मी घेतलेली नाहीत, त्याबद्दल डॉक्टरांशीच बोला.

माझं आत्ता ७१ आहे. ५८ काही परत आलं नाही. खुर्चीतून तीस सेकंदांत १४ वेळा उठते, २०१६ मध्ये चार वेळा उठता यायचं. तो ६९.८ चा फोटो ग्रुपवर अजून आहे, खाली दादाचा अंगठा. गेल्या महिन्यात त्याने विचारलं, किती आहे गं आता? मी म्हटलं चौदा. तो जरा वेळ हिशोब करत बसला.