समोर जेंबे, नजर पायांकडे

"मॅडम, सगळ्यांची पावलं बदलतात आणि मी एकटीच जुन्या पावलावर असते. या वयात हसं करून घेतेय. सोडून देऊ का?"

हा निरोप लंडनहून आला. लिहिणाऱ्या बाई 52 वर्षांच्या. मुलगा शिकायला दुसऱ्या शहरात गेला, घर खायला उठलं, म्हणून आमच्या समुपदेशनाच्या ऑनलाइन भेटी सुरू झाल्या होत्या. घराजवळच्या हॉलमध्ये दर गुरुवारी पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशातून आलेले एक शिक्षक तिकडचा पारंपरिक नाच शिकवतात, तोही समोर बसलेल्या वादकांच्या साथीने. बाई तिथे आपणहून गेल्या तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. तीन वर्ग झाले आणि हा निरोप. (त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

'या वयात जमेल का, लोक हसतील का' ही काळजी माझ्याकडे पोहण्यापासून पेटी शिकण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी येते. मीही सवयीने ठरलेलं उत्तर दिलं: घरी रेकॉर्डिंग लावून सराव करा, स्वतःला सांभाळून घ्या. तो सल्ला चुकला. पुढच्या गुरुवारी त्या जास्तच हिरमुसून परतल्या. मग मी नुसतं विचारत गेले.

"वादक कुठे असतात?"

"समोरच, चौघं."

"आणि तुम्ही कुठे बघता?"

"पुढच्या बाईच्या पायांकडे."

गाठ इथे होती. बाई लहानपणी कथक शिकलेल्या. मात्रा मोजायच्या, समेवर यायचं. या वर्गात मात्रा कोणी मोजत नाही. केनकेनी, सांगबान आणि डुंडुंबा हे काठीने वाजवायचे तीन लहानमोठे ढोल तालाची चाल धरून ठेवतात. त्यावर हाताने वाजवायचा मुख्य ढोल, म्हणजे जेंबे, बोलत असतो आणि मध्येच एक ठरावीक तुकडा वाजवतो. त्याला वर्गात 'ब्रेक' म्हणतात. तो वाजला की पाऊल बदलायचं. ब्रेक कधी द्यायचा, हे वादक नाचणाऱ्यांकडे बघून ठरवतो. दुसरीच्या पायांकडे बघणारीला ही खबर उशिराच मिळणार. आणि रेकॉर्डिंग तर कुणाकडेच बघत नाही.

लाज वाटते म्हणून मागची रांग, मागून वादकांचे हात दिसत नाहीत म्हणून चूक, चुकलं म्हणून आणखी लाज. आत्मविश्वासावर कितीही बोललो असतो तरी हे चक्र सुटलं नसतं.

आम्ही ठरवलं: एक गुरुवार नाचायचंच नाही. शिक्षकांना विचारून वादकांशेजारी बसायचं आणि ब्रेक ऐकू आला की फक्त बोट उचलायचं. त्या दिवशी 'कुकू' चालू होता. गिनीच्या जंगलपट्ट्यातला, मासे धरून परतणाऱ्या बायकांचा नाच म्हणून तो सांगितला जातो. "बराच वेळ सगळा एकच गलका वाटला," त्या म्हणाल्या, "मग दारावर थाप पडावी तसा तो तुकडा वेगळाच ऐकू आला." पुढच्या आठवड्यात त्या दुसऱ्या रांगेच्या कडेला उभ्या राहिल्या. कथकातला ताठ कणा सोडून गुडघ्यांत वाकायचं, धड पुढे झुकवायचं, हेही त्यांचं त्यांनाच सापडलं. "भात लावताना आमच्याकडे बायका वाकतात ना, तसं!" माहेर कोकणातलं.

राहिली भीती गोलाची. गावात हा नाच गोलातच होतो. 1950च्या दशकात गिनीच्या फोदेबा केइता यांच्या 'बाले आफ्रिकँ' या नृत्यसंचाने असे नाच जगभरच्या रंगमंचांवर नेले, तेव्हा त्यांची मांडणी प्रेक्षकांसाठी बदलली. या वर्गात मात्र शेवटी गोल धरतात आणि ज्याला वाटेल तो काही क्षण मध्ये जातो. तिथे उलटं असतं: जेंबे नाचणाऱ्याच्या पावलांना धरून वाजतो. हे बाईंना पटलं, तरी पाच आठवडे त्या कडेला टाळ्याच वाजवत राहिल्या. मी त्यांना ढकललं नाही. गोलात टाळ्या धरणाराही नाचात असतोच, असं मला मनापासून वाटतं.

सहाव्या गुरुवारी निरोप आला: "गेले मध्ये. चारच पावलं. टाच आपटली तिथे त्याने बरोब्बर थाप दिली. डावा-उजवा अजून चुकतो."

त्यानंतरच्या भेटीत मुलाचा विषय निघाला, तो चाळीस मिनिटं उलटून गेल्यावर.